मुंगूस आणि कुवेतचा पगार

१२ एप्रिल २०२०, रविवार

ही डायरी फुलचंदच्या कृषी केंद्राने जानेवारीत फुकट दिली होती. तीन महिने तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. आज उघडली, कारण तांड्यातल्या कडुलिंबाखाली चारपेक्षा जास्त माणसांनी बसायचे नाही असा हुकूम आहे, आणि मी पोचायच्या आधीच चार जण बसलेले असतात.

सवयीप्रमाणे वेबिलासारखी, म्हणजे वाहकाच्या फेरीच्या हिशेबपत्रासारखी, सुरुवात करतो. वाहक: बाबूसिंग राठोड, एस.टी.च्या दारव्हा आगारातून निवृत्त. सेवा एकतीस वर्षे, एका रुपयाची तूट नाही. घरातले प्रवासी तीन: मी, बायको रुपीबाई, सून रंजिता. चौथा आमचा मुलगा बादल, तो कुवेतला उंच इमारतींच्या परांच्या बांधतो. याशिवाय कोंबड्या अकरा. घरी आम्ही आमच्या गोर, म्हणजे बंजारा, बोलीत बोलतो, लिहायची सवय मात्र एस.टी.ने मराठीत लावली.

बादल दर महिन्याच्या सात तारखेला पगार पाठवायचा. मार्चचा आला नाही, एप्रिलचाही नाही. फोनवर म्हणतो, 'पैसे पाठवाचं ऑफिस बंद हाय बापू. बाकी मजेत.' कोरोनाने कुवेतलाही कुलूप लावले म्हणतात. मजेत आहे तर ठीक आहे.

पानाच्या तळाशी रोज एक सल्ला छापलेला आहे. आजचा: 'पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासावी.' मी घरात बसून बसून स्वतःची तपासली, फारशी उरलेली नाही.

डायरी ज्वारीच्या कोठीमागे ठेवतो. रुपीबाईला वाचता येत नाही आणि रंजिता भली पोरगी आहे. तेव्हा मनातले बिनधास्त लिहायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय.

१७ एप्रिल, शुक्रवार

दर शुक्रवारी बादल रंजिताच्या मोबाइलवर जेवणाचा फोटो पाठवतो. चिकन बिर्याणी, उजव्या अंगाला लेगपीस, वर लिंबाची फोड. गेल्या शुक्रवारीही लेगपीस उजव्याच अंगाला होता. त्याच्या आधीच्याही. कंपनीच्या खानावळीत शिस्त फार कडक दिसते.

मीही सांगून टाकले की आज आम्ही पनीर खाल्ले. दारव्ह्याचा बाजार महिनाभर बंद आहे, पनीर कुठून येणार. तुरीचे पातळ वरण आणि ज्वारीची बाटी, म्हणजे लोक जिला भाकर म्हणतात ती. पण बाप हॉटेलात बसल्यासारखा बोलला की परदेशात पोराला बरे वाटते.

आज शिरा खावासा वाटला. बोललो नाही, घरात साखर कमी आहे.

१८ एप्रिल

आज शिरा होता. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. छत्तीस वर्षे संसार केला की बाई मनकवडी होते.

२ मे, शनिवार

सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करायला पास काढून दारव्ह्याला गेलो. फुलचंदने मला आत घेतले आणि शटर अर्धे ओढले. त्याचा धाकटा भाऊ देवीलाल कुवेतला बादल राहतो त्या मजुरांच्या कॅम्पजवळच किराणा दुकान चालवतो, म्हणून तिकडची खरी बातमी फुलचंदकडे असते.

'काका, एक गोष्ट सांगाची हाय. पण बादलनं देवीलालले शपथ घातली हाय, घरी कळू द्याचं नाई म्हणून.'

'मंग नको सांगू.'

'सांगतोच. कंपनीचं काम फेब्रुवारीपासून बंद हाय. पगार नाई. कॅम्पले कुलूप हाय. देवीलाल गेटवरून पीठ-कांदे देते त्याले, उधारीवर.'

'आन बिर्याणी?'

'कोणती बिर्याणी?' फुलचंद म्हणाला.

परत येताना बियाण्याचा भाव विचारायचा राहिलाच. सायकल हातात धरून अर्धा रस्ता चालत आलो, मग आठवले की आपण सायकलवर बसू शकतो.

४ मे, सोमवार

निवृत्तीच्या दिवशी आगारातल्या मित्रांनी मला चामड्याची नवी वाहकाची बॅग भेट दिली होती. तिच्यात वेळप्रसंगासाठी थोडे ठेवले आहेत, घरात कोणाला माहीत नाही. आज त्यातले आठ हजार काढले आणि फुलचंदच्या हातात दिले.

सोय अशी ठरली: रुपये इथे फुलचंदकडे, तेवढेच दिनार तिथे देवीलाल बादलला देणार. मध्ये बँक नाही, ऑफिस नाही. हे कायद्यात बसते का, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. पण पैसे बापाचे आहेत हे बादलला कळता कामा नये. देवीलालने म्हणायचे, माझ्याकडून घे, सवडीने दे.

याचे कारण आहे. तीन वर्षांपूर्वी जाताना दारव्ह्याच्या स्टँडवर बादल मला म्हणाला होता, 'बापू, आता तुमी फकस्त बसून खाचं.' बसमधल्या लोकांसमोर म्हणाला होता. ते वाक्य त्याला परत गिळायला लावायचे नाही. पोरगा उपाशी राहू नये आणि त्याची मानही खाली जाऊ नये, एवढेच मला पाहिजे.

फुलचंदला सेवालाल महाराजांची शपथ घातली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, 'घ्या, अजून एक शपथ.' फार शपथा घेतल्याने माणूस चिडचिडा होतो.

नोटा देताना पाहिले, सगळ्या उभ्या दुमडल्या गेल्या होत्या. तिकिटे फाडताना नोट उभी दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायची सवय हाडात गेली आहे. आता भाजीवाल्यालाही नोट तशीच जाते.

५ मे

मुंगसाने एक कोंबडी नेली. रुपीबाई सांगत होती. मी खुराड्याभोवती पाहिले, पीस नाही, रक्त नाही. मुंगूस मोठे सफाईदार.

६ मे

फुलचंद बियाण्याची नोंदणी लिहून घ्यायला मोटारसायकलवर तांड्यात आला होता. रुपीबाईने त्याला खुराड्यामागच्या सावलीत बसवून चहा दिला. कोणाला कधी साखर न विचारणारी बाई, आज त्याच्याशी पाच मिनिटे बोलत होती. तो निघाला तेव्हा पुन्हा कपाळाला हात लावला होता. बिचाऱ्याला डोकेदुखीचा त्रास दिसतो.

९ मे, शनिवार

नवल झाले. बादलचा पगार आला.

फुलचंद स्वतः घेऊन आला. बादलने देवीलालकडे दिनार भरले, तेवढे रुपये फुलचंदने इथे आणून दिले. साडेआठ हजार. मी सगळ्यांसमोर ओसरीवर मोजले. समोरचा गुलाबसिंग त्याच्या ओसरीवरून बघत होता, म्हणून दोनदा मोजले.

फुलचंद गेल्यावर विचार केला. कंपनी पगार देत नाही, मग हे कुठून आले? उत्तर सोपे आहे. पोरगा हिकमती आहे, कॅम्पातच कोणाचे तरी काम धरले असेल. माझे आठ हजार तो खातो आहे आणि स्वतःच्या कमाईचे साडेआठ हजार घरी पाठवतो आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी गाडी रुळावर आहे.

दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. एक, या नोटाही उभ्या दुमडलेल्या होत्या. म्हणजे फुलचंदही नोटा उभ्याच दुमडतो. चांगली सवय पसरत असते. दोन, एका पाचशेच्या नोटेला हळदीचा वास येत होता. खताच्या दुकानात हळद कशाला ठेवतात ते विचारले पाहिजे.

पैसे बॅगेत ठेवले. रात्री खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

२४ मे, रविवार

गुलाबसिंगचा मुलगा कपिल पुण्याहून आला. निम्मा रस्ता ट्रकने, निम्मा पायी. पायाला फोड आहेत. आता दिवसभर बाजेवर पडून गाणी ऐकतो आणि गुलाबसिंग दिवसभर माझ्याकडे बघतो.

'बाबू, साऱ्या दुनियेचे पगार बंद हाय. तुह्याच पोराचा कसा येते?'

'त्याचं काम महत्त्वाचं हाय.'

'काय बांधून राह्यला तो, कोरोनाचा दवाखाना?'

मी हो म्हणालो. संध्याकाळपर्यंत तांडाभर झाले की बादल कुवेतच्या राजाचा दवाखाना बांधतो आहे. राजा कुठून आला मला माहीत नाही.

चपलेचा अंगठा उसवला आहे, चालताना टोचतो. एवढ्या संकटात चपलेचे कोणाला सांगायचे.

२६ मे

चप्पल कोणीतरी शिवून ठेवली आहे. रंजिताने असणार. पोरीची नजर फार बारीक.

१३ जून, शनिवार

पाऊस बरा झाला, सोयाबीन पेरले. पेरणीमुळे लिहायला वेळ नव्हता, एकदमच लिहितो.

चार तारखेला फुलचंदला बादलसाठी नऊ हजार दिले. मागच्या महिन्याचेच पुढे केले, उगाच दुसऱ्या नोटा कशाला मोडायच्या. पाच तारखेला मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या. सहाला फुलचंदने खुराड्यामागे चहा घेतला. आज बादलचा पगार आला, दहा हजार.

लक्षात घ्या, मी आठ दिले तर साडेआठ आले, नऊ दिले तर दहा आले. दिनारचा भाव वाढत असावा. पोस्टात वर्षाला जेवढे व्याज मिळते त्याहून जास्त इथे आठवड्यात सुटते आहे. कुवेतची हवा पैशाला मानवते.

हे मी रुपीबाईला सांगितले नाही, तिला व्यवहारातले कळत नाही. फक्त म्हणालो, 'पोरगा कमावून राह्यला.'

ती बाटी थापत होती. म्हणाली, 'हाव. दिसून राह्यलं.'

नोटांना आज जास्त वास होता. दोन नोटा तर पिवळ्याच झाल्या होत्या.

९ जुलै, गुरुवार

या महिन्यात मी दहा पाठवले, साडेअकरा आले. मुंगसाने तीन कोंबड्या नेल्या. पहिल्या महिन्यात एक, मग दोन, आता तीन. अकरातल्या पाच उरल्या. हे मुंगूस दर पाच तारखेलाच येते, सरकारी नोकर असल्यासारखे. पिंजरा लावतो म्हणालो तर रुपीबाई म्हणाली, 'राहू द्या, त्याईलेबी लेकरं असतीन.'

आजचा छापील सल्ला: 'उंदीर, घुशी यांच्या बंदोबस्तासाठी आमचे औषध वापरा.' मुंगसाबद्दल काही नाही.

१४ जुलै, मंगळवार

वाईट दिवस.

सकाळी फुलचंदचा फोन आला, ताबडतोब या. गेलो. कुवेतची कंपनी कायमची काम गुंडाळते आहे. ज्याला घरी जायचे त्याला विमानाचे तिकीट फुकट देते आहे. बावीस तारखेचे विमान, नावे अठरापर्यंत द्यायची. कॅम्पातल्या सगळ्यांनी दिली. त्यानंतर तिथे खोलीही नाही आणि जेवणही नाही. बादलने नाव दिले नाही.

'काहून?' मी विचारले.

फुलचंदने खताची गोणी पायाने सरकवली. मग म्हणाला, 'तो म्हणते, देवीलालभाऊचे तीस हजार देणं हाय. ते फेडल्याबिगर मी कुवेत सोडणार नाई. कोणाचे पैसे बुडवून रातोरात पळणाऱ्यातला मी नाई म्हणते. कुठीतरी लपून काम पाहीन म्हणते.'

म्हणजे मी जे गुपचूप दिले, ते पोराच्या मानेवर कर्ज होऊन बसले. पोट भरावे म्हणून पाठवले आणि त्याच पैशाने त्याचा परतीचा रस्ता अडला. तिथे लपून राहिला, पकडला गेला, आजारी पडला, तर कोण आहे त्याला?

तेवढ्यातही वाहकाचे डोके चाललेच. मी दिले सत्तावीस हजार. हे तीस कसे? मी फुलचंदला विचारले, देवीलाल व्याज लावतो की काय. त्याच्या डोळ्यात पाणी आले. म्हणाला, 'काका, माह्या तोंडाले तीन कुलपं हाय. तीन जणाच्या तीन शपथा. मले वेड लागन आता. तुमीच घरात कोणाले तरी इचारा ना.'

मी घरात कोणाला विचारणार? घरात कोणाला माहीत आहे?

१५ जुलै, बुधवार

रात्रभर विचार केला. बादलला फोन करून एवढेच सांगायचे आहे: ते पैसे देवीलालचे नव्हते, माझे होते, देणे काही नाही, ये. चार वाक्ये. एकतीस वर्षे मी भरलेल्या गाडीत ओरडून लोकांना पुढे सरकवले. ही चार वाक्ये मला म्हणता येत नाहीत.

दोनदा रंजिताकडून मोबाइल घेतला. पहिल्यांदा त्याला पावसाचे सांगितले. दुसऱ्यांदा विचारले, काय जेवला. तो म्हणाला, बिर्याणी. मी म्हणालो, आम्ही पनीर. मग मी मोबाइल परत दिला.

सांगितले तर त्याला कळणार की बापाला सगळे माहीत होते. तो खोटा पडणार. नाही सांगितले तर तो यायचा नाही. न्हाणीत जाऊन तोंड धुतले. रडलो. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बादली भरत ठेवली होती, ती भरून वाहून गेली तरी मी आतच होतो.

देवा, कोणीतरी त्याला सांगावे. ते आठ, नऊ, दहा हजार बापाचे आहेत, भेट आहेत, उधारी नाही. माझ्याच्याने होत नाही.

१७ जुलै, शुक्रवार

सकाळी सातला बादलचा फोन. 'बापू, येतो. नाव देल्लं.'

मी विचारले, 'मनात कसं आलं?'

'असंच,' तो म्हणाला. आवाज जरा जड होता. सर्दी असेल.

बघा, मी एक शब्दही न बोलता काम झाले. बापाचे मन पोराला न सांगता पोचते ते असे. दोघी स्वयंपाकघरात होत्या, त्यांना बातमी दिली. रुपीबाई म्हणाली, 'असं काय?' आणि परत चुलीकडे वळली. बायकांना आनंद दाखवता येत नाही.

आज बिर्याणीचा फोटो आला नाही.

३० जुलै, गुरुवार

बादल आला. सात दिवस मुंबईत कोंडून ठेवले होते, आता तांड्याच्या कमिटीने सात दिवस शाळेत कोंडले. कमिटीचा अध्यक्ष गुलाबसिंग. नाकावर रुमाल, हातात काठी, फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. मला म्हणाला, 'राजाचा इंजिनेर असो नाईतर कोणी, सात दिवस म्हंजे सात दिवस.'

तारेच्या कुंपणापलीकडून बादल दिसला. सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा लोंबत होता. गालाची हाडे वर आलेली. रुपीबाईने फाटकाशी डबा ठेवला आणि पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसली. तो व्हरांड्यात बसून जेवला. मी मोजले, नऊ बाट्या. दहावी अर्धी खाल्ली आणि अर्धी हातात धरून बसला.

'तिकडं काय भेटे खाले?' मी विचारले.

'खुबूस. त्याईची रोटी. आन कांदा.'

'आन तो फोटो?'

'जानेवारीत कंपनीनं जेवण देल्लं होतं बापू. तवाचा हाय.' मग म्हणाला, 'तुमचं पनीर?'

'आजपर्यंत कधीच नाई खाल्लं,' मी म्हणालो. तो हसला. फाटकाशी बसलेला गुलाबसिंगही हसला, मग काठी आपटून म्हणाला, अंतर ठेवा.

२ ऑगस्ट, रविवार

आज संध्याकाळी कुंपणाशी गेलो. गुलाबसिंग चहाला गेला होता. बादल जवळ आला, तारेला हात लावून उभा राहिला.

'बापू, मले माफ करजा. देवीलालभाऊनं पहिल्यांदा पैसे देल्ले तवा वाटलं, दोन महिने घरी पगार नाई गेला, तुमी काय खात असान. म्हणून सारेच्या सारे घरीच वळते केले. मंग दर महिन्यालेच तसं केलं. त्यातला एक पैसा नाई खाल्ला मी. मले काय माहीत ते तुमचेच होते.'

म्हणजे नोटा कुवेतला गेल्याच नव्हत्या. फुलचंदच्या गल्ल्यात चार दिवस राहून त्याच नोटा माझ्या बॅगेत परत येत होत्या, मी त्या अभिमानाने मोजत होतो, आणि पुन्हा त्याच पाठवत होतो. उभ्या दुमडलेल्या. एकतीस वर्षे एका रुपयाची तूट नाही, आणि स्वतःच्या हातची घडी मला ओळखू आली नाही.

मग तो म्हणाला, 'आन त्यापाई तुमी न्हाणीत जाऊन रडले म्हणे. बादली वाहून गेली म्हणे.'

बादली वाहून गेल्याचे मी एकाच ठिकाणी लिहिले आहे.

घरी आलो, कोठीमागून डायरी काढली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. एप्रिलपासून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर, जिथे पान उलटतात तिथे, हळदीचे बोट आहे. शिऱ्याच्या पानावर जरा साखरही चिकटली आहे.

३ ऑगस्ट, सोमवार

हे लिहितो आहे, कारण लिहिणे आता थांबवले तर जास्त संशय येईल.

रंजिता पाणी आणायला गेली होती. रुपीबाई चुलीपाशी. मी पाटावर बसलो.

'तुले सारं माहीत होतं?'

'हाव.'

'कवापासून?'

'तुमी पैसे देल्ले तवापासून. आन पहिला पगार आला तवा नोटा पाह्यल्या ना मीनं. तुमची घडी मी नाई वळखणार तर कोण वळखन? छत्तीस वर्स तुमच्या खिशातून काढून राह्यली.'

'मंग सांगतलं काहून नाई?'

तिने बाटी उलटली. 'तुमी पाठवून झोपत होते. तो पाठवून झोपत होता. मी दोघाईची झोप कायले मोडू?'

मी ताट पुढे ओढले. मग विचारले, 'आन ते वरचे तीन हजार?'

'मीनं खुराड्यामागं फुलचंदले देल्ले, शपथ घालून. मले वाटलं, जास्तीचे गेले तर पोरगा वरचे तरी ठेवून घेईन, दूधबिध घेईन. नाई ठेवले मेल्यानं. सारे परत लावले.' तिने चूल फुंकली.

'कोंबड्या?'

'मुंगूस,' ती म्हणाली आणि माझ्या ताटात बाटी टाकली.

६ ऑगस्ट, गुरुवार

बादल घरी आला. गुलाबसिंगने स्वतः फाटक उघडले. कपिलने त्याची पेटी उचलली. सगळ्या तांड्यासमोर मी सांगितले की पगार-बिगार काही नव्हता, पोरगा पाच महिने कांदा-रोटीवर होता आणि नोटा माझ्याच होत्या. वाटले होते लोक हसतील. हसलेच. फुलचंद मुद्दाम आला होता, तो सगळ्यात जास्त हसला, आणि शेवटी म्हणाला, डोकं दुखायचं थांबलं.

देवीलालच्या पिठाची खरी उधारी चार हजार निघाली, ती फुलचंदला तिथेच चुकती केली. नोटा आडव्या दुमडून दिल्या.

७ ऑगस्ट, शुक्रवार

रंजिता, आज जरा सावकाश आणि मोठ्याने वाच. चुलीचा आवाज असला तर आधी तो बंद होऊ दे. तुझ्या सासूला एकेक शब्द ऐकू गेला पाहिजे, कारण हे मला समोर बसून म्हणता येणार नाही. चार वाक्येसुद्धा म्हणता येत नाहीत हे तू वाचलेच आहेस.

बादलला तूच फोन केलास, पंधरा तारखेचे पान वाचून. त्याचा जड आवाज मी सर्दी समजलो. तू केला नसतास तर माझा पोरगा आज माझ्या ओसरीवर झोपलेला नसता. वाचल्याबद्दल मी रागावलेलो नाही. चप्पल आता टोचत नाही.

आता हे सासूसाठी. मला वाटायचे, हे घर मी चालवतो. एकतीस वर्षे एस.टी.त होतो, मला कळायला पाहिजे होते. वाहक नुसती बेल मारतो, गाडी पुढे बसलेला चालवतो. घरी पुढे तू बसली होतीस आणि मी मागे उभा राहून बेल मारत होतो. तुझ्याशिवाय मी एक थांबाही पुढे गेलो नसतो. हे छत्तीस वर्षांत बोललो नाही, आज लिहितो.

गाडीत सुट्टे नसले की आम्ही राहिलेले पैसे तिकिटामागे लिहून देतो, उतरताना मागून घ्या म्हणतो. बरेच प्रवासी विसरतात. तसे तुझे लिहून देतो.

रुपीबाई राठोड यांना देणे: कोंबड्या सहा. उतरण्यापूर्वी मागून घ्याव्यात.

८ ऑगस्ट, शनिवार

सकाळी डायरी उघडली. 'कोंबड्या सहा' या ओळीच्या खाली हळदीचा अंगठा आहे. पुसट नाही, चांगला दाबून उठवलेला, जसा रुपीबाई बँकेत उठवते.

त्याखाली रंजिताच्या अक्षरात एक ओळ आहे, सासूला ती आमच्या बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणते: 'याडी म्हणते, सुट्टे नको. कोंबड्याच पायजे.'

दारव्ह्याचा बाजार अजून उघडलेला नाही. बादलला उठवतो. घाटंजीकडे गावरान पिल्ले मिळतात म्हणतात, दोघे मिळून जाऊन येतो.